हिरीच्या रानाचा गूळ

दिवाळीचे आकाशकंदील उतरले की आमच्या भागातली हवा गोड होते. अलंकार म्हणून सांगत नाही, अनुभव सांगतो. गुऱ्हाळं पेटली की कोल्हापूर ते शिरोळ या पट्ट्यात चहात साखर घालायची गरज उरत नाही; कप नुसता खिडकीबाहेर धरायचा आणि दोनदा फिरवायचा. एसटीच्या काचा चिकट होतात. कंडक्टरनं दिलेलं तिकीट बोटाला असं बसतं की घरी जाऊन गरम पाण्यात हात बुडवल्याशिवाय सुटत नाही. एकदा आमच्या गावचा एक पैलवान मोटरसायकलवरून तोंड उघडं टाकून गाणं म्हणत आला, तर वेशीत पोचेपर्यंत त्याच्या मिशीत मधमाश्यांनी पोळं धरलेलं. ते पोळं पिळून आम्ही सगळ्यांनी भाकरीबरोबर खाल्लं. पैलवान अजून हयात आहे, कुणालाही विचारा.

यंदाही गुऱ्हाळं पेटली. कोल्हापुरात माझ्या घरामागं जी थोडी उसाची रानं उरली आहेत, त्यांच्या पलीकडं चिपाडाचा धूर उठला, पहिल्या आधणाचा, काहिलीत उकळणाऱ्या रसाचा, वास आला, आणि मी उठून खिडकी लावून घेतली.

"अहो, एवढा छान वास येतोय," बायको म्हणाली.

"धुरानं खोकला येतो," मी म्हणालो.

बावीस वर्षं दर हंगामाला मी हेच सांगतो. माझ्या आजवरच्या थापांमधली ही सगळ्यांत बेचव थाप असेल.

आमचं गुऱ्हाळ शिरोळ तालुक्यात, कृष्णेच्या काळ्या रानात होतं. आता तिथं चार पत्रे आणि एक पालथी काहिल उरली आहे; काहिल म्हणजे रस उकळायची ती प्रचंड कढई. आमची एवढी मोठी होती की एका काठावर उभं राहून हाक मारली तर दुसऱ्या काठावर पोचेपर्यंत हाक म्हातारी व्हायची. पहाट फुटली की चरकाचं इंजिन टुकटुकायला लागायचं. हिरवट रस पन्हाळीतून धावत यायचा. त्यात भेंडीचा चेचलेला पाला घोळवला की करडी मळी वर येऊन फेसासारखी काठाला लागायची. ती काढून टाकली की खालचा रस हळूहळू रंग बदलायचा, आधी गढूळ नदीसारखा, मग हळदीसारखा, मग पितळेच्या घासलेल्या घागरीसारखा. शेवटी शेवटी बुडबुडे बेडकाच्या गळ्यासारखे फुगायचे आणि फट्‌ करून फुटायचे. तेव्हा गुऱ्हाळावर कुणी बोलायचं नाही. इंजिनसुद्धा हळू टुकटुकायचं, निदान मला तरी तसं वाटायचं.

वाटेनं जाणाऱ्याला रस पाजल्याशिवाय सोडायचं नाही, हा कायदा. वाटसरू ओळखीचा असो नसो, "ओ पावणं, कुटं निघालासा? या की!" अशी आरोळी जायची. उसाच्या कांडक्याला गुंडाळलेला गरम गूळ हातात पडायचा. तो गार होईपर्यंत थांबणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. आमच्या गावात निम्म्या लोकांच्या जिभेवर भाजल्याची जुनी खूण आहे.

पण एक जीभ वेगळी होती. ती हसनचाचांची.

हसनचाचा आमचे गुळव्या. कधी मळी काढायची, कधी जाळ कमी करायचा आणि नेमकी कुठल्या क्षणाला काहिल उतरवायची, हे ज्याला कळतं तो गुळव्या. क्षणभर आधी उतरली तर गूळ घट्ट होत नाही, क्षणभर उशीर झाला तर करपतो. त्यामुळं हंगामात गुळव्याचा शब्द हा मालकाच्याही वरचा. चाचा उंच, वाळके, डोक्याला टॉवेल, हातांवर उडालेल्या पाकाचे डाग. लांबून बघितलं तर वाटावं, उसालाच लुंगी नेसवली आहे. आणि जीभ अशी, की रसाच्या एका थेंबावरून ऊस कुठल्या रानातला, पाटाच्या वरच्या अंगाचा की खालच्या, हे सांगायचे. एकदा कुणीतरी वाटेत पाटलांच्या रानातला एकच ऊस मोडून आमच्या मोळीत घातला होता. चाचांनी चाखलं आणि म्हणाले, "ह्यात पाटलाचं कांडं हाय. आन् मोडणाऱ्याला डाव्या हाताची सवय हाय." तो डावखुरा गडी जागच्या जागी चाचांच्या पाया पडला. यातला पाटलांचा ऊस खरा आहे. डावा हात मी मागाहून घातला.

चाचांचा एक रिवाज होता. हंगामात कुठल्याही रानाचं पहिलं आधण तयार झालं की नारळ फुटायचा, चाचा पळीच्या टोकावरचा पाक बोटानं जिभेला लावायचे, डोळे मिटायचे आणि मोठ्यानं म्हणायचे, "गोड हाय!" आम्ही सगळे ओरडायचो, "गोड हाय!" त्यानंतर त्या गुळाचं जे होईल ते गुळव्याचं. चुलवाणापाशी, म्हणजे काहिलीखालच्या भट्टीपाशी, मालकाच्या उसाला नाव ठेवायचं नाही. वर्षभर राबलेला माणूस समोर उभा असतो, त्याच्या तोंडावर त्याचा ऊस वाईट म्हणायचा नाही. गूळ बिघडला तर हात गुळव्याचा चुकला. चाचांच्या वडिलांनी त्यांना हे शिकवलं होतं, आणि त्यांच्या वडिलांना त्यांच्या वडिलांनी.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, आणि चाचा एकाच तालमीतले. दोघांनी एकमेकांना इतक्यांदा पाडलं होतं की तालमीतल्या मातीत दोघांच्या पाठीचे साचे उमटले होते. रोजे हंगामात आले की चाचा दिवसा काही चाखायचे नाहीत. मग आबाही चाखायचे नाहीत. तेव्हा पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून त्याची गोळी ताटावर आपटायची आणि आवाजावर काहिल उतरवायची. सूर्य बुडाला की दोघं एका ताटात बसून आधी गूळ तोंडात टाकायचे. माझी आई म्हणायची, "ह्या दोगांचं लगीन लावून द्यायला पायजे हुतं. माझा जलम तरी सुखात गेला असता."

त्या हंगामाकडं येतो. किती वळसे घातले तरी पाय तिकडंच वळतात.

मी शेतकी पदवी घेऊन नुकताच घरी आलो होतो. गावातला पहिलाच शेतकी पदवीधर. माझ्या स्वागताला वाजंत्री होती, असं मी सांगतो. खरं तर शेजारच्या वाड्यात साखरपुडा होता. पण लोक माझ्याकडं वळून बघत होते एवढं खरं. त्या पावसाळ्यात पुरानं आमची नदीवरची मोटार नेली. नवी बसेपर्यंत विहिरीकडच्या तुकड्याला, ज्याला आम्ही हिरीचं रान म्हणतो, आबांनी विहिरीचंच पाणी पाजलं. ते पाणी मचूळ. म्हशीसुद्धा एक घोट घेऊन आपल्याकडं बघायच्या. पण आबांचं म्हणणं, "उसाला कुटं जीभ असती? पानी ते पानी."

भाद्रपद संपता संपता त्या उसाची खालची पानं शेंड्याकडून आणि कडेनं करपायला लागली. कुणीतरी प्रत्येक पानाला विडीचा चटका देत फिरलंय असं दिसायचं. आबांनी मला बांधावर नेलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला विचारलं, "शिवा, तू शिकल्याला. सांग, काय झालंय?"

माझ्या पुस्तकात अगदी असंच चित्र होतं. करपलेली कड, खालची पानं. चित्राखाली लिहिलेलं होतं, पालाशची कमतरता. पालाश म्हणजे पोटॅश. मी चष्मा वर केला. चष्मा मला तेव्हा लागत नव्हता, पण पदवीला शोभतो म्हणून घेतला होता.

"आबा, पोटॅशची भूक आहे. लाल पोटॅश टाका."

टाकलं. करपणं वाढलं. आबांनी परत विचारलं, मी म्हणालो, कमी पडलं. अजून टाकलं. वर त्याच विहिरीचं पाणी.

मी लहानपणापासून हजारो थापा मारल्या. हत्ती नांगराला जुंपला, कृष्णेतल्या मगरीशी कबड्डी खेळलो, वीज पडताना छत्रीत धरली. एकाही थापेनं कुणाच्या झाडाचं पान हललं नाही. पोटॅशचं हे एकच वाक्य मी थाप म्हणून बोललो नव्हतो.

लाल पोटॅशच्या पोत्यात निम्म्याच्या आसपास क्लोराईड असतं. मिठातलं असतं तेच. तसं हे काही राक्षस नव्हे. पिकाला चिमूटभर लागतंच. पानांना श्वासाची दारं उघडायला-मिटायला, उन्हाचं अन्न करायला. निचऱ्याच्या रानात पोटॅशबरोबर आलेलं क्लोराईड पावसाच्या पाण्याबरोबर खाली निघून जातं, कुणाचं काही बिघडत नाही. ते मातीला धरून बसत नाही, पाण्याचा हात धरून हिंडतं. पाणी येईल तिकडून येतं, पाणी जाईल तिकडं जातं. पण आमचं काळं रान चिवट, खाली पाणी तुंबलेलं, जायला वाट नाही. मग ते पाण्याबरोबर मुळातून आत शिरतं, पानाच्या शेंड्यापर्यंत चढतं. तिथं पाणी वाफ होऊन उडून जातं आणि हे पावणं मागं राहतात. दुसऱ्या दिवशी अजून येतात. तिसऱ्या दिवशी अजून. पान ओसरीएवढं, पावणं जत्रेएवढं. शेवटी ओसरीच जळते. आणि जळलेली कड बाहेरून बघणाऱ्याला भुकेनं जळाल्यासारखी दिसते. मी भुकेलं समजून ज्याला जेवायला घातलं, ते पोट फुटून मरत होतं.

हे सगळं मला नंतर कळलं. आधी काहिल उतरली.

पौषातली सकाळ होती. दवानं चिपाडं ओली, जाळ धुमसत होता. हिरीच्या रानाचा ऊस चरकात गेला. रस दिसायला रसासारखाच. चाचांनी पळीवरचा पाक जिभेला लावला, डोळे मिटले. नेहमीपेक्षा जास्त वेळ मिटले. मी समोरच होतो. त्यांनी डोळे उघडून आधी आबांकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि म्हणाले, "गोड हाय."

आम्ही ओरडलो, "गोड हाय!"

गूळ घट्ट झाला नाही. साच्यातून काढलेल्या ढेपा बसल्या जागी खचल्या. रंग काळपट, आणि अंगाला घाम. थंडीत गुळाला घाम फुटलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. चाचांनी दुसरं आधण जास्त आटवलं, तिसऱ्याला चुना वाढवला, चौथ्याला जाळ मंद ठेवला. प्रत्येक वेळी तेच. ज्यानं ज्यानं तो गूळ खाल्ला त्यानं वर दोन तांबे पाणी प्यायलं, पण खारट हा शब्द कुणी काढला नाही. गुळाला खारट म्हणायचं कुणाच्या डोक्यातच येत नव्हतं.

तो शब्द कोल्हापूरच्या गूळ बाजारात निघाला. आबांच्या नावाच्या ढेपा तिथं नुसत्या वासावर उचलल्या जायच्या. त्या दिवशी अडत्यानं ढेपेत बोट खुपसलं, चाटलं आणि बाजूला थुंकला. "आबासाहेब, गूळ आणलाय का मीठ?" चार माणसं हसली. आबा टेम्पोत बसून भरलेला माल परत घेऊन आले. मी शेजारी होतो. टेम्पोच्या मागच्या बाजूनं गूळ पाझरत होता आणि शिरोळपर्यंत रस्त्यावर काळी धार पडली होती. हे थोडं वाढवून सांगतोय. जयसिंगपूरपर्यंतच पडली होती.

गुऱ्हाळावर उतरले आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "हसन, तुझी जीभ मेली. माझा गूळ तू मातीत घातलास."

चाचा काहिल घासत होते. घासायचे थांबले. "चुकला हात, आबा," एवढंच म्हणाले. हात धुतले, टॉवेल झटकला आणि बांधाबांधानं चालत गेले. मी बघत राहिलो. पुढच्या वर्षी त्यांना कुणी गुऱ्हाळावर बोलावलं नाही. आबांसारख्या दोस्तानं ज्याला काढलं, त्याला कोण ठेवणार? कुरुंदवाडला एका किराणा दुकानात ते पुड्या बांधायला लागले. वाळकं अंग, पुढं मिठाची गोणी. मी एकदा लांबून बघितलं आणि पलीकडच्या गल्लीनं गेलो.

त्याच उन्हाळ्यात मला कोल्हापुरात माती तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. पहिल्याच आठवड्यात मी आमच्या विहिरीचं पाणी बाटलीतून नेलं. सगळे जेवायला गेले होते. काचेच्या नळीत पाणी घेतलं आणि त्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब सोडले. पाण्यात क्लोराईड असलं तर पांढरं धुकं येतं. नदीच्या पाण्यात ते हलकंसं येतं. आमच्या पाण्याचं दूध झालं. घट्ट, पांढरं, सायीचं दूध. मग हिरीच्या रानाची माती घोळवून तिचं पाणी घेतलं. तिथं तर नळीत दही लागलं. मी ती नळी उजेडात धरून उभा राहिलो. डबा उघडला नाही.

त्या दिवशी एसटी पकडून गावी जायला हवं होतं. आबा, हात चाचांचा चुकला नाही, तोंड माझं चुकलं, एवढं एक वाक्य. मी गेलो नाही. गावात मी शिकलेला होतो. आबा पारावर माझं नाव काढून मिशीला हात लावायचे. रविवारी जाऊ म्हणालो. बावीस वर्षांत रविवार किती येतात ते मी मोजत नाही.

रानानं मात्र वाट पाहिली नाही. पहिल्या वर्षी विहिरीच्या कडेला पांढरा पट्टा आला, जणू कुणी सुपातून पीठ पाखडलं. दुसऱ्या वर्षी तो सरीत उतरला. उन्हात खालचं खारं पाणी मातीतून वर चढतं, उडून जातं आणि मीठ ठेवून जातं. आता फेब्रुवारीत आमच्या रानात उभं राहिलं तर वाटतं आपण काश्मीरला आलोय. नवीन लग्न झालेल्यांनी फोटो काढायला यायला हरकत नाही. पाय टाकला की वर कुरकुर वाजतं आणि खाली चिखल पचकतो. ऊस गेला, मग गहू गेला, मग लव्हाळाच उरला, आणि वेडी बाभूळ. शेजारच्या शेतकऱ्यांनी जमिनीखालून भोकांचे पाइप घालून खारं पाणी ओढ्याला काढलं. त्यांची रानं सावरली. आम्हालाही विचारलं. आबा म्हणाले, "माझ्या रानाला काय धाड भरल्या? गूळ हसननं घालवला, रानानं न्हाय." पाइप घालायचा तर आधी रान खारं झालंय म्हणावं लागलं असतं. आणि रान खारं म्हटलं की हसनला काय म्हणायचं, हा प्रश्न आलाच. म्हणून पाइप नको. यंदा वरच्या रानाच्या बांधालाही पांढरी कड दिसली. तेवढंच एक हिरवं उरलंय आमचं.

ती कड बघून यंदा मी बोललो. आबा आता पंच्याऐंशीच्या घरात, सोप्यात खाटेवर. मी समोर बसलो आणि एका दमात सगळं सांगितलं. विहिरीचं पाणी, लाल पोटॅश, नळीतलं दूध, बावीस वर्षं. आई जात्यापाशी वाल सोलत होती, तिचे हात थांबले.

आबांनी नीट ऐकून घेतलं. मग हसले. दात नसल्यामुळं नुसतं वारं आलं.

"झ्याक हाय," म्हणाले. "मगरीच्यापेक्षा ही झ्याक हाय."

"आबा, थाप नाही ही."

"आरं, मगरीला बी असंच म्हणालतास."

"आई, तू तरी सांग."

"मी काय सांगू बाबा?" आई म्हणाली. "तू जलमल्यावर रडलास, तवा बी सुईण म्हणली, पोरगं सोंग करतंय."

मी हट्टाला पेटलो. हिरीच्या रानाच्या एका कोपऱ्यात, लव्हाळ्याच्या आडोशाला, थोडा चुकार कमरेएवढा ऊस तगला होता. तो तोडला आणि शेजारच्या गुऱ्हाळावर हातापाया पडून त्याचं कसंबसं एक आधण काढून घेतलं. गूळ तोच. काळपट, खचलेला, घामेजलेला. एका स्टीलच्या डब्यात भरून आबांपुढं ठेवला. त्यांनी डब्यात बघितलं, हात लावला नाही.

"हसनकडं ने," म्हणाले. "त्येला चाखाय दे. खारट म्हणला, तर जीभ त्येची शाबूत आन् माझी सडकी. मग मी सोता जाईन, त्येचं पाय धरीन. तुझं पाइप बी घाल. पर पढवायचं न्हाय त्येला. आईची आण घे."

मी आईच्या डोक्यावर हात ठेवला. माझ्या थापांवर विश्वास नसलेली बाई, पण शपथेला घाबरली. "खरंच पढवू नगंस रं," हळूच म्हणाली.

कुरुंदवाडला जाताना मी स्कूटरवर गाणं म्हणत होतो. तोंड उघडं टाकून. आता सगळं त्या जिभेवर होतं आणि त्या जिभेवर माझा भरवसा होता. पाटलांचं एक कांडं ओळखणारी जीभ हे मिठागर ओळखणार नाही?

चाचा दारात उन्हाला बसले होते. डोळ्यांत मोतीबिंदू, पण माझ्या पावलावरून ओळखलं.

"शिवा? ये बेटा, ये की. कवा आलास? आबाची तब्येत?"

"बरी आहे चाचा. गूळ आणलाय."

त्यांच्या तोंडावर काहीतरी हललं. "कुटल्या रानाचा?"

"चाखून सांगा."

डबा हातात घेतला. आधी नाकाशी नेला. मग बोट घातलं, गूळ जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले. मी त्यांच्या गळ्याकडं बघत होतो. गळ्याची घाटी एकदा वर गेली, खाली आली. किती वेळ मिटले होते सांगू? खरं सांगतो, वाढवत नाही. फार वेळ नव्हता. त्या पौषातल्या सकाळी होता तेवढाच.

"गोड हाय," चाचा म्हणाले.

"चाचा, नीट चाखा."

"चाखला की. गोड हाय. आबाला सांग, हसन म्हणला, गोड झालाय." त्यांनी दुसरं बोट घातलं नाही. डबा बंद केला आणि झाकण तळव्यानं दाबलं. "हिरीच्या रानाचा हाय न्हवं?"

मी हो म्हणालो.

"मोटं कष्ट केल्यात आबानं त्या रानात," म्हणाले.

मला ओरडायचं होतं. चाचा, एकदा खारट म्हणा, एकदाच, तुमच्यासाठी म्हणा, त्या रानासाठी म्हणा. पण आईची शपथ घेतली होती. चाचांच्या सुनेनं पाणी आणि चहा आणला. त्यांनी माझ्याबरोबर चहा घेतला, पाण्याला हात लावला नाही. मी निघालो.

येताना गाणं नव्हतं. पण वाटेत, नदीच्या पुलावर, मला सुचलं. मी कोण? सगळ्या तालुक्यातला नावाजलेला थापाड्या. पढवायचं नाही अशी शपथ होती. येऊन काय सांगायचं याची कुठं होती? एक थाप. आयुष्यभर फुकट मारल्या, आज एकीला काम होतं. पुलापासून घरापर्यंत मी ती घोकली.

आबा उठून बसले होते. डोक्याला टोपी घातली होती. आईनं त्यांचा धुतलेला सदरा बाहेर काढून ठेवला होता. मी डबा त्यांच्यापुढं ठेवला.

"काय म्हणला?"

"खारट म्हणाले," मी म्हणालो.

आबा माझ्याकडं बघत राहिले. एवढ्यावर थांबायला हवं होतं. कुठलाही साधा माणूस थांबला असता. पण माझी जीभ कुठं थांबते? "जिभेला लावला नाही तोच थुंकले! म्हणाले, हे काय मीठ आणलंस? तीन तांबे पाणी प्यायले. सुनेला म्हणाले, हिरीचं रान हाय हे, मी आंधळा झालो तरी वळखंन..."

आबांनी हात वर केला.

"हसन थुकला?"

"हो... म्हणजे..."

"थुकतो त्यो बाजार," आबा म्हणाले. "हसन दुसऱ्याच्या कष्टाचा गूळ थुकणार न्हाय. पानी बी मागणार न्हाय. त्यो गोडच म्हणला असणार." टोपी सारखी केली. "गोड म्हणला न्हवं?"

मी मान खाली घातली. आई सदऱ्याची घडी घालायला लागली.

"म्हंजे जीभ गेल्या त्येची," आबा म्हणाले. मोठ्यानं म्हणाले, गुऱ्हाळावर सगळ्यांच्या देखत म्हणाले होते तसं. पण सोप्यात आम्ही तिघंच होतो.

मग त्यांनी डबा ओढला. झाकण उघडायला वेळ लागला; चाचांनी घट्ट दाबलं होतं. बोटभर गूळ घेतला, दात नसलेल्या तोंडात फिरवला आणि डोळे मिटले. बाहेर शेजारच्या गुऱ्हाळाचं इंजिन टुकटुकत होतं. चिपाडाचा धूर दारापर्यंत आला होता आणि हवा, मगाशी म्हटलं तशी, गोड होती.

"गोड हाय," आबा म्हणाले.

टोपी काढून उशाशी ठेवली आणि भिंतीकडं तोंड करून आडवे झाले. थोड्या वेळानं तसंच, न वळता, आईला म्हणाले, "पानी दे."

आईनं तांब्या दिला. तो रिकामा केला, आणि दुसरा मागितला.